मशीन चालू कंडिशनमध्ये आहे

यंदाच्या अंकासाठी ‘दुरुस्ती’ हा विषय ठरला आणि नाशिकचा लेख सातपूर-अंबडकडे वळला, यात नवल नाही. या दोन औद्योगिक वसाहतींत छोटे गाळे इतके आहेत आणि त्यांत जुनी यंत्रे इतकी फिरत आहेत की, बिघडलेले यंत्र विकत घ्यावे का, हा इथे नेहमीच्या व्यवहारातला प्रश्न आहे. एखादा गाळा बंद पडतो. आत ताडपत्रीखाली एक लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात जुने सीएनसी. ब्रोकर गिऱ्हाईक घेऊन येतो, ताडपत्री ओढतो आणि ठरलेले वाक्य म्हणतो, ‘साहेब, मशीन चालू कंडिशनमध्ये आहे. थोडं काम आहे फक्त.’ लेथला ताजा हिरवा रंग दिलेला असतो. रंग देणाऱ्याने घाईत नेमप्लेटवरून आणि क्रॉस स्लाइडच्या डायलवरूनही ब्रश फिरवलेला असतो, त्यामुळे डायलवरचे आकडे वाचता येत नाहीत. घेणारा रंग बघतो. त्याच्याबरोबर फिटर आला असेल, तर तो आधी चकजवळच्या बेडवरून नख फिरवतो.

ते थोडे काम नेमके किती, ते कोण करणार आणि होईपर्यंत यंत्र किती दिवस उभे राहणार, यावर सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरते. मागितलेल्या किमतीवर ते फार कमी ठरते. या लेखाचे म्हणणे असे की, दुरुस्तीला आलेले यंत्र कमी भांडवलवाल्यासाठी नसते. ज्याच्या हाताशी दुरुस्त करणारा माणूस आहे आणि त्या यंत्राला झेपेल असे काम आहे, त्याच्यासाठी ते असते. अडचण ही की बाजारात ते बहुतेक वेळा पहिल्यालाच विकले जाते. नवा धंदा सुरू करणारा, पहिलीच ऑर्डर मिळालेला, फिटर ठेवण्याची ऐपत नसलेला माणूस जुने यंत्र शोधत असतो. ज्याच्याकडे पंधरा वर्षांचा अनुभव आणि घरचा मेंटेनन्सवाला आहे, तो मात्र बँकेत पत असल्यामुळे नवे घेतो. व्यवहार उलटा चालतो.

उतरंड

नाशिकमध्ये ही यंत्रे साचली कशी, हे समजल्याशिवाय त्यांची किंमत समजत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि सातपूरची वसाहत त्याच्या सुरुवातीच्या काळातली. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ चा. पुढे मायको, म्हणजे २००८ पासूनची बॉश, शिवाय महिंद्रा, सिएट, क्रॉम्प्टन असे मोठे कारखाने आले. प्रत्येकाभोवती सुटे भाग करून देणाऱ्या व्हेंडरांची साखळी उभी राहिली. सातपूर पुरेना म्हणून अंबड झाले, मग सिन्नरच्या बाजूला माळेगाव आणि मुसळगाव, इगतपुरीच्या वाटेवर गोंदे. या साखळीतले अनेक छोटे मालक स्वतः मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून किंवा मशिनशॉपमधून बाहेर पडलेले. हाताला सवय ज्या यंत्रांची, तीच त्यांनी शोधली: बंगळूरला १९५३ मध्ये सुरू झालेल्या एचएमटीचे लेथ, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ, बीएफडब्ल्यूचे मिलिंग, साताऱ्याच्या कूपरचा शेपर.

यंत्र एका मालकाकडे जन्मभर राहत नाही, ते उतरंडीने खाली येते. मोठा कारखाना अचूकता कमी झाली म्हणून ते काढतो. पहिल्या फळीतला व्हेंडर ते घेतो, कारण त्याच्या कामाला तेवढी अचूकता चालते. त्याच्याकडून ते जॉबवर्कवाल्याकडे जाते, तिथून फॅब्रिकेशनच्या किंवा दुरुस्तीच्या गाळ्यात आणि शेवटी वजनावर. नाशिककरांना अंबड लिंक रोडचा भंगार बाजार माहीत आहे. महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत मोठी मोहीम काढून तो हटवला, तरी त्या भागात तो पुन्हा डोके वर काढत राहिला. हा बाजार उतरंडीचे शेवटचे टोक आहे. मधल्या पायऱ्यांवर ब्रोकर आहेत, राजकोट, भोसरी, मुंबईचे डीलर आहेत, सरफेसी कायद्याखाली बँकांनी काढलेले लिलाव आहेत, सरकारी कंपन्यांच्या मालासाठी एमएसटीसीचे ई-लिलाव आहेत. लिलावाच्या कागदावर एक अट ठळक असते: जसे आहे तसे, जिथे आहे तिथे. म्हणजे यंत्र उचलल्यावर तक्रारीला जागा नाही. मालावर आधीच्या बँकेचा बोजा नाही ना, हे पाहण्याची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. ट्रॅक्टरला निदान आरसी बुक असते आणि त्यावर बोजाची नोंद दिसते. लेथला तसे काही नाही. त्याच्या अंगावर ठोकलेला अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, एवढेच यंत्रावर पाहता येते, आणि रंगाखाली तोही दिसत नाही.

उतरंडीचा खरा अर्थ असा की प्रत्येक पायरीवर यंत्राकडून होणारी अपेक्षा एक टप्पा खाली यायला हवी. ती तशी आली तर जुने यंत्र उत्तम चालते. त्रास सुरू होतो, तो खालच्या पायरीवरचा माणूस त्याच यंत्राकडून वरच्या पायरीचे काम मागू लागला की.

नख, डायल आणि पहार

फिटर नख फिरवतो, त्याला कारण आहे. लेथवरचे बहुतेक काम चकजवळ होते, त्यामुळे सॅडल वर्षानुवर्षे बेडच्या त्याच तुकड्यावर मागेपुढे होत राहते. तो तुकडा झिजतो; टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागाच्या सीमेवर बारीकशी पायरी तयार होते, ती नखाला लागते. पुढची परीक्षा त्याहून पक्की. सॅडल चकजवळ आणायचे, तिथे त्याची गिब किंवा खालची पट्टी अशी आवळायची की ढिलाई राहू नये, आणि मग सॅडल हाताने टेलस्टॉककडे न्यायचे. बेड सरळ असेल तर ते सारखेच चालते. बेड चकजवळ खाल्लेला असेल तर अर्ध्या वाटेवर ते घट्ट होते आणि पुढे जाता जात नाही. असल्या बेडवर लांब शाफ्ट टर्न केला की टेपर येणारच. ऑपरेटर कितीही चांगला असला तरी.

मग स्पिंडल. नाकात टेस्ट बार बसवायचा, त्यावर डायल गेज लावायचे आणि स्पिंडल हाताने फिरवायचे, एकदा नाकाजवळ आणि एकदा ३०० मिलिमीटर अंतरावर. सुई किती हलते ते कळले की पुढची पायरी पहारीची: चकखाली पहार घालून, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून हलके उचलायचे. सुई उचलली गेली आणि सोडल्यावर परत आली, तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. शेवटी यंत्र सर्वांत जास्त वेगावर अर्धा तास मोकळे चालवायचे आणि हेडस्टॉकवर हात ठेवायचा. विकणारा पाच मिनिटांत बंद करू लागला तर तेही एक उत्तरच आहे. वीजजोड तोडलेल्या गाळ्यात यापैकी निम्म्या परीक्षा होतच नाहीत, आणि बंद गाळ्यांतले बरेचसे सौदे अंधारातच होतात.

दोष दोन जातीचे असतात, आणि सौद्याच्या वेळी हा फरक सगळ्यांत जास्त पैसे वाचवतो. पट्टे, मोटर, बेअरिंग, क्रॉस स्लाइडचे पितळी नट, ऑइल सील, कूलंट पंप हे सुटे भाग आहेत. बाजारात मिळतात आणि बदलले की यंत्र पूर्ववत होते. क्रॉस स्लाइडचे हँडल अर्धा फेरा मोकळे फिरते म्हणून ग्राहक घाबरतो आणि विकणारा किंमत उतरवतो, पण हा दोष बहुधा नटाचा असतो आणि स्वस्तात सुटतो. उलट बेडची झीज, स्पिंडलच्या बैठकीची झीज, ओतीव अंगाला गेलेली भेग हे बिघाड रंगाखाली लपतात आणि दुरुस्त करायला महाग पडतात. बेड ग्राइंड करून मिळतो हे खरे. पण बेडचा कडक केलेला थर काही मिलिमीटरच असतो, आणि बेड जेवढा खाली जाईल तेवढे सॅडलही खाली उतरते. मग लीड स्क्रू आणि फीड शाफ्टची लाइन चुकते, टेलस्टॉकचे सेंटर स्पिंडलच्या खाली राहते. ते उचलण्यासाठी सॅडलखाली टर्साइटची पट्टी चिकटवून स्क्रेप करावी लागते, टेलस्टॉकखाली शिम जाते. स्क्रेपिंग हाताचे काम आहे: सरफेस प्लेटवर निळी शाई लावायची, वर आलेले ठिपके खरवडायचे, पुन्हा शाई, पुन्हा खरवडणे. असे काम नीट करणारे हात कमी झाले आहेत आणि ते आपल्या सोयीने येतात. बेड ग्राइंडिंगचा खर्च विचारणारे पुष्कळ असतात. त्यानंतरच्या या कामाचा खर्च विचारणारे थोडे.

सीएनसीची गोष्ट निराळी. तिथे लोखंड चांगले असूनही यंत्र मेलेले असू शकते. कंट्रोलच्या स्मृतीला आधार देणारी बॅटरी बंद गाळ्यात उतरली तर पॅरामीटर पुसले जातात. त्यांचा बॅकअप मालकाकडे नसेल तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीपुढे हात पसरावे लागतात, आणि ती कंपनीच बंद झालेली असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या कंट्रोलची कार्डे, ड्राइव्ह, स्क्रीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आहेत, पण ते दुरुस्त करतात कार्ड. त्या कार्डाच्या वयाचे ते काही करू शकत नाहीत. म्हणून जुने सीएनसी पाहायला जाताना स्क्रीनवर अलार्मची जुनी यादी उघडून बघणे हे बेडवर नख फिरवण्याइतकेच गरजेचे. एकच सर्व्हो अलार्म पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ब्रोकरचे थोडे काम तिथे आहे. टरेट कधी आपटला आहे का, बॉल स्क्रूला तेल नेणारी नळी तुंबली आहे का, हे त्यानंतरचे.

हप्त्याचा आणि उभ्या दिवसांचा हिशेब

आता पैसे. हे आकडे बाजारभाव नव्हेत, फक्त गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा नवे छोटे सीएनसी टर्निंग २० लाखांचे आहे. पदरचे ४ लाख घातले आणि १६ लाख साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ३४,४०० रुपये बसतो. तसलेच जुने यंत्र ९ लाखांचे. दुरुस्ती, हायड्रा क्रेन, ट्रक, फाउंडेशन धरून आणखी २ लाख. इथेही पदरचे ४ लाख धरले, तर ७ लाख उभे करावे लागतात. जुन्या यंत्राला कर्ज मिळणे अवघड, मिळाले तर व्याज जास्त आणि मुदत कमी. तेरा टक्के आणि तीन वर्षे धरली तर हप्ता २३,६०० च्या आसपास जातो. यंत्राची किंमत निम्मी, पण हप्त्यातला फरक महिन्याला १०,८०० रुपयांचाच.

यंत्राचा तास २५० रुपयांना विकला जातो आणि दोन पाळ्यांत १६ तास चालते असे धरा. १०,८०० रुपये म्हणजे ४३ तास, पावणेतीन दिवसांचे काम. वाचलेली वीज आणि टूलचा खर्च वजा केला तरी तीन-साडेतीन दिवस. ऑपरेटरचा पगार वजा करता येत नाही, कारण यंत्र उभे असले तरी तो द्यावाच लागतो. म्हणजे जुने यंत्र नव्यापेक्षा महिन्याला साडेतीन दिवस जास्त उभे राहिले की हप्त्यातली बचत संपली. ज्याच्या गाळ्यात मेंटेनन्सवाला संध्याकाळी येऊन रात्री यंत्र चालू करून जातो, त्याचे महिन्यात साडेतीन दिवस जात नाहीत. ज्याला पुण्याहून तंत्रज्ञ बोलवावा लागतो, त्याचे एका बिघाडातच तेवढे जातात. यंत्र तेच, किंमत तीच. फायदा आणि तोटा मात्र निरनिराळ्या दोन घरांत.

याला एक रास्त उत्तर आहे आणि ते डावलू नये. तीन वर्षांनी जुन्याचे कर्ज फिटते, नव्याचे आणखी दोन वर्षे चालते. एकूण फेडलेली रक्कम धरली तर नव्यावर सुमारे साडेवीस लाख आणि जुन्यावर साडेआठ लाख. जो तीन वर्षे तग धरेल, त्याला जुने स्वस्तच पडले. पण धंदा सुरू करणाऱ्याची कसोटी पहिल्या अठरा महिन्यांतच लागते, आणि तेव्हाच ऑर्डर वेळेवर गेली नाही तर पार्टी दुसरीकडे वळते. कराच्या बाजूनेही नवे यंत्र थोडे लाडके आहे: जुन्या करपद्धतीत कारखानदाराला नव्या यंत्रावर नेहमीच्या १५ टक्क्यांशिवाय २० टक्के जादा घसारा मिळतो, वापरलेल्या यंत्रावर तो मिळत नाही. नफाच नसेल तर या सवलतीला फारसा अर्थ नाही, हेही तितकेच खरे.

काम कोणते, हा हिशेबाचा दुसरा भाग. वाहन उद्योगाला भाग पुरवायचे असतील तर पार्टी नमुन्याबरोबर क्षमतेचा आकडा मागते. सीपीके निदान १.३३, महत्त्वाच्या मापाला १.६७. डिझेल इंजेक्शनच्या भागांत मोजमाप मायक्रॉनमध्ये चालते. त्या कामाला बेड खाल्लेला लेथ उपयोगाचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. पण रफ टर्निंग, फेसिंग, ड्रिलिंग, फिक्स्चर, शेती अवजारांचे सुटे भाग यांना तोच लेथ पुरून उरतो. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात ब्लोअर आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची जी गॅरेजे आहेत, तिथे वीस वर्षांचा लेथ नव्यासारखा मान मिळवतो, कारण त्याच्याकडून मायक्रॉनमधले काही मागितले जात नाही.

मालेगाव काय सांगते

जुन्या यंत्रावर अख्खे शहर चालू शकते याचा पुरावा याच जिल्ह्यात, शंभर किलोमीटरवर आहे. मुंबईच्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतरची पडझड यांतून निघालेले माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेले. मालेगावात आजही साध्या मागांचा खडखडाट गल्लीगल्लीत ऐकू येतो. ते माग कधीच मोडीत निघायला हवे होते. ते टिकले, कारण शहरातच त्यांचा दवाखाना आहे: पिकिंग स्टिक, शटल, गिअर, पट्टे विकणारी दुकाने हाकेच्या अंतरावर, ओतीव भाग करणारे कारागीर आसपास, आणि आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री त्याच मोहल्ल्यात राहणारे. माग बंद पडला तर तासाभरात माणूस येतो. जुने यंत्र घेण्याची अट इथे एकेका मालकाने पूर्ण करण्याची गरज पडली नाही, शहरानेच ती पूर्ण केली.

पण मालेगाव दुसरी गोष्टही सांगते, आणि ती तितकीच महत्त्वाची. दुरुस्तीने माग जिवंत राहिला, त्याची जात बदलली नाही. साधा माग साधे कापडच विणतो, आणि त्या कापडाचा भाव शटललेस मागाच्या कापडाशी स्पर्धा करताना चेपला जातो. केंद्र सरकारने १९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधार निधी योजना काढली, आणि २०१७ मध्ये पॉवरटेक्स इंडिया योजनेत जागच्या जागी माग सुधारण्यावर भर दिला. ताणा किंवा बाणा तुटला की आपोआप थांबणारी यंत्रणा साध्या मागाला बसवली तर दोष कमी होतात, एक विणकर जास्त माग सांभाळू शकतो. ही फार शहाणपणाची दुरुस्ती आहे, कारण ती यंत्राला पूर्वस्थितीला आणण्यावर न थांबता त्याला एक पायरी वर चढवते. अंबडच्या गाळ्यातही जुन्या मिलिंगला डिजिटल रीडआउट बसवणे किंवा चांगल्या लोखंडाच्या जुन्या सीएनसीला नवा कंट्रोल बसवणे हे त्याच जातीचे काम. खर्च जास्त येतो, पण जे हाती येते ते निराळे यंत्र असते.

ओझरची नोंदवही

सातपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर ओझरला जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा कामाला लावण्याचा उद्योग अनेक दशके चालू आहे. ती यंत्रे म्हणजे लढाऊ विमाने. मिग-२१ इथे तयार झाले, इथेच त्यांचे ओव्हरहॉल झाले, त्यांतल्या काहींना बायसन म्हणून नवी साधने बसली, आणि हवाई दलाने ती २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त केली. पहिली विमाने १९६३ ची, म्हणजे बासष्ट वर्षांची सेवा. आज सुखोई-३० चे ओव्हरहॉल ओझरला होते. कोणी म्हणेल, मिगच्या अपघातांचे काय? ते झाले, आणि विमान सेवेत इतके ताणावे का हा वाद खराच आहे. पण इथे मुद्दा दुसरा आहे. ओझरला येणाऱ्या प्रत्येक विमानाबरोबर त्याचा कागद येतो: किती तास उडाले, कोणता भाग कधी बसवला, त्याचे आयुष्य किती उरले. दुरुस्ती अंदाजाने होत नाही. म्हातारे विमान दुरुस्त करता येते, पण नोंद नसलेले विमान उडवत नाहीत.

अंबडच्या लेथची नोंद कुठे असते? जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात, आणि तो दुसरीकडे लागलेला असतो. आयात केलेल्या जुन्या यंत्राबरोबर चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र येते, त्यात बनावटीचे वर्ष, किंमत, उरलेले आयुष्य लिहिलेले असते. पण ते प्रमाणपत्र कस्टमसाठी असते; तुमचा शाफ्ट किती मायक्रॉन टेपर येईल, याच्याशी त्याचा संबंध नाही. जपानहून आलेले म्हणून यंत्र चांगले, हा समज या कागदामुळे अधिक पक्का होतो, आणि तो समज महागात पडतो.

‘पैसाच नाही तर काय करायचे?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार. नव्या यंत्राला तारण लागते, तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला जुने यंत्र हा एकच दरवाजा दिसतो. सातपूर-अंबडचे अनेक आजचे मोठे मालक याच दरवाजातून आत आले, हेही खरे. पण ते आत आले तेव्हा स्वतःच फिटर होते. ज्याने आठ वर्षे टूलरूममध्ये स्क्रेपिंग केले, त्याने मोडका लेथ घेतला तर दुरुस्तीचा खर्च फक्त त्याच्या रविवारांचा. आज वाणिज्य शाखेतून आलेला तरुण तीच गोष्ट ऐकून तसाच लेथ घेतो, तेव्हा त्याच्याकडे फिटरचे हात नसतात. त्याच्यासाठी तिसरा रस्ता आहे: पहिले वर्षभर यंत्र न घेता, ज्यांची यंत्रे दुसऱ्या पाळीत मोकळी असतात त्यांच्याकडून जॉबवर्क करून घेणे आणि ऑर्डर टिकते का हे पाहणे. नफा कमी राहतो, हे मान्य. पण बंद यंत्राचा हप्ता फेडण्यापेक्षा तो बरा. आणि घ्यायचेच असेल, तर ब्रोकरला दलाली देण्याआधी फिटरला एका दिवसाची मजुरी द्यावी.

दुसरा आक्षेप असा की, जुने लोखंड चांगले होते, आजचे हलके. यात तथ्य आहे: जुन्या एचएमटीचे ओतीव अंग वजनदार आहे, आणि वर्षानुवर्षे ताण निघून गेलेले लोखंड स्थिर राहते. पण झिजलेल्या बेडचे वजन अचूकता देत नाही.

एका यंत्राच्या बाबतीत मात्र हिशेब करूच नये. नाशिकमध्ये वाहनांसाठी आणि स्विचगिअरसाठी पत्र्याचे भाग करणारे गाळे भरपूर, म्हणून जुन्या पॉवर प्रेसला मागणी कायम. की-क्लच असलेल्या जुन्या प्रेसमध्ये क्लचची की किंवा तिची स्प्रिंग झिजली की पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो, आणि तेव्हा ऑपरेटरची बोटे डायमध्ये असतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चे कलम २१ धोक्याच्या यंत्रभागांना संरक्षक आवरण असलेच पाहिजे असे सांगत होते. जुन्या प्रेसबरोबर गार्ड क्वचितच येतो. आधीच्या मालकाने वेग वाढावा म्हणून तो काढून फेकलेला असतो. फ्रेमच्या घशात वेल्डिंगची रेघ रंगाखाली दिसली किंवा क्लच डबल मारतो असे कळले, तर तो प्रेस कितीही कमी किमतीत घेऊ नये. वजनावर मिळाला तरी नाही.

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, अंबडमध्ये मोजमापाची साधने असलेले नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, त्र्यंबक रोडला आयटीआय आहे. या सगळ्यांनी मिळून जुन्या यंत्राच्या तपासणीचा दोन पानी नमुना ठरवावा: बेडची झीज, स्पिंडलचे रनआउट, बॅकलॅश, अलार्मची यादी, पॅरामीटरचा बॅकअप आहे की नाही, गार्ड आहे की नाही, अनुक्रमांक आणि बँकेचे ना हरकत पत्र. तपासणाऱ्याची सही आणि तारीख खाली. विकणाऱ्याने तो भरून द्यावा, घेणाऱ्याने मागावा, आणि ज्या यंत्राबरोबर तो मिळत नाही त्याची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरवावी.